विनोदिनीबाईंचा खुबा

विनोदिनी कान्हे आमच्या शाळेत खेळ शिकवायच्या आणि मी विज्ञान. छत्तीसगढ वेगळं राज्य झाल्यावर रायपुरात ज्या मुली खो-खोत पुढे आल्या, त्यांतल्या निम्म्या तरी त्यांच्या हाताखालच्या. शिट्टी वाजवून कडेला उभं राहणं त्यांना जमत नसे. त्या पोरींच्या पुढे धावायच्या.

पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचा उजवा खुबा झिजला. २००७ साल होतं. शहरात नवनवी खासगी इस्पितळं उघडत होती. त्यांतल्या एका बड्या सर्जनने सांगितलं की कृत्रिम सांध्यातली प्लास्टिकची वाटी पंधरा वर्षांत खराब होते, म्हणून तुम्हाला धातूच्या वाटीत धातूचाच गोळा बसवू. जन्मभर बघायला नको. बाईंनी एकच विचारलं.

"मले पुन्हा धावता येईल?"

येईल म्हणाले, आणि खरोखरच आलं. सहा महिन्यांनी बाई मैदानात होत्या. डॉक्टरांना तर त्यांचा अभिमानच वाटू लागला. इस्पितळात पेशंटांचा मेळावा भरला की बाईंना बोलावणं यायचं. त्या मंचावर चालून दाखवायच्या, उठाबशा काढायच्या, आणि घाबरलेल्या लोकांना धीर द्यायच्या. आमच्या शाळेतली कमला नावाची आया अभनपुरहून यायची. तिचा खुबा मोडला तेव्हा घरचे गावठी इलाज करायला निघाले होते. बाईंनी तिला स्वतः रिक्षात घालून त्याच डॉक्टरांकडे नेलं. म्हणाल्या, माझ्यासारखाच बसवा.

तिसऱ्या वर्षी बाईंच्या जांघेत दुखायला लागलं. आधी पायऱ्या चढताना, मग कुशीवर वळताना. एक्स-रे स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. मग म्हणाले, या वयात बायकांना असं होतं. पुढे जांघेत गाठ आली. त्यातून सुईने पाणी काढलं तर ते पुवासारखं घट्ट. जंतू धरलेत म्हणून चार महिने कडक औषधं चालली. तपासणीत मात्र एकही जंतू सापडला नाही. तरी घरी स्वच्छता ठेवा, असं त्यांना नवऱ्यादेखत ऐकवलं गेलं. नवरा, निरंजन, रेल्वेत होता; अबोल माणूस. त्या दिवसापासून तो रोज फिनाईलने फरशी पुसू लागला. बाईंना ते दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

शाळेने त्यांना मैदानावरून उचलून वाचनालयात बसवलं. एक दिवस मी त्यांना म्हटलं, एक्स-रेत काही नाही, जंतू नाहीत, तर जरा ध्यानधारणा करून बघा ना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काहून वो, तुले बी वाटून राहिलं का, का मी नाटक करून राहिले?"

मी नाही म्हटलं. पण वाटत तेच होतं, आणि ते त्यांना कळलं.

खरं कारण शोधलं ते डॉक्टर निवेदितांनी. हाडांच्या सर्जन, नुकत्या शिकून आलेल्या, लहानसा दवाखाना. त्यांनी आधीचे कागद शांतपणे वाचले आणि बाईंचं रक्त कोबाल्ट, म्हणजे त्या सांध्यातला धातू, तपासायला मुंबईला पाठवलं. असावं त्याच्या कितीतरी पट निघालं. तेव्हा मी सोबत होते. त्यांनी समजावलं ते असं: गोळा वाटीवर घासतो, त्याची डोळ्यांना न दिसणारी भुकटी पडते. अंगातल्या राखणदार पेशी ती बाहेरची वस्तू म्हणून गिळतात. पण धातू पचत नाही, मरतही नाही. पेशीच मरतात आणि मरताना आणखी पेशींना बोलावून घेतात. पू वाटतो तो या मेलेल्या पेशींचा राडा. त्या धुमश्चक्रीत आजूबाजूचं मांसही जातं. सगळ्यांना असं होत नाही, कुणाचं शरीर जास्त चवताळतं. मी वीस वर्षं मुलींना पांढऱ्या पेशींचं चित्र काढायला लावत होते. मला हे सुचलं नव्हतं.

२०१३ मध्ये त्यांनीच तो सांधा काढून दुसरा बसवला. आतलं मांस काळपट पडलेलं होतं. पाय बाजूला उचलून धरणारा स्नायू जवळजवळ गेला होता, तो परत येणार नव्हता. बाई वॉकरवर घरी आल्या.

चालता येऊ लागल्यावर त्या मला घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी बसवलं, चहा मागवला, आणि हिंदीत म्हणाले की आपकी बॉडी ने ॲक्सेप्ट नहीं किया, लाखात एखादी केस असते. बाईंनी विचारलं, आता तुम्ही हा सांधा बसवता का? ते म्हणाले, छे, दोन-अडीच वर्षं झाली, बंद केला.

"बंद केला. मग ज्यायच्या अंगात आहे, त्यायले सांगितलं?"

त्रास झाला तर ते येतीलच, असं ते म्हणाले. बाईंनी आवाज चढवला नाही. भिंतीवर मेळाव्यातला त्यांचा हसरा फोटो होता, तो काढायला सांगितला आणि उठल्या. चहा तसाच राहिला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही अभनपुरला गेलो. कमलाने नोकरी सोडल्याला वर्ष झालं होतं. शेतकामासाठी, असं आम्हाला वाटत होतं. ती अंगणात खाटेवर होती. जांघेतली गाठ लुगड्यावरूनही दिसत होती. वर्षभर ती दुखणं सोसत होती. डॉक्टरकडे का गेली नाहीस, असं बाईंनी विचारलं. कमला म्हणाली, विनोदिनी दीदीला याच सांध्याने धावताना पाहिलं होतं, म्हणजे सांधा चांगलाच असणार. दोष आपल्याच हाडांत असेल.

बाई हात जोडून म्हणाल्या, माझं चुकलं. कमला खाली बघून म्हणाली, "आप कहे रहेव, दीदी." तुम्हीच तर म्हणाला होतात.

कमलाचंही ऑपरेशन डॉक्टर निवेदितांनी केलं, पण उशीर झाला होता. हाडच पोखरलं होतं. आता ती दोन काठ्यांवर उंबऱ्यापर्यंत येते, रोपणीच्या दिवसांत तिथे बसून शेताकडे बघते. विनोदिनीबाई महिन्यातून एकदा बसने अभनपुरला जातात. कमला घरच्यांकरवी त्यांना बसायला पाट देते, चहा देते. बोलत मात्र नाही. बाई चहा पितात आणि तीनच्या बसने परत येतात.