वारा बघून पेटव

"तुझ्याच लुगड्याचा काठ फाड. नवं कापड कशाला नासायचं?"

सरपंच असं म्हणाले आणि चावडीत बसलेली माणसं हसली. मी पायऱ्यांच्या खाली उभी होते. वर चढायची मला मुभा नव्हती. अंगावर होतं ते एकच लुगडं, तेही फाटलेलं, मधे दंड घालून जोडलेलं. ग्रामसेवक खुर्चीत बसून कागदावर काहीतरी लिहीत होता. त्याच्या मागच्या कोनाड्यात झेंडावंदनाच्या वेळी आणलेलं कापड उरलेलं होतं, पांढरंशुभ्र, घडी न मोडलेलं. मला ते दिसत होतं. सगळ्यांनाच दिसत होतं.

मी फाडला काठ. दातानं धागा तोडला आणि पदराचं टोक टरकावलं. वीतभर रुंद, हातभर लांब. बाई चारचौघांत लुगडं फाडतेय म्हटल्यावर एखाद्यानं तरी मान फिरवावी. एकानंही फिरवली नाही.

मग सरपंचांनी मला काम समजावलं. कचऱ्याच्या खड्ड्याशेजारी एक काठी रोवायची. काठीला ही चिंधी बांधायची. कचरा पेटवायच्या आधी चिंधीकडं बघायचं. चिंधी गावाकडं फडफडत असेल तर काडी ओढायची नाही.

"आन् वाड्याकडं उडत असंल तर खुशाल पेटव," ते म्हणाले. "वारा बघून पेटव. येवढी अक्कल हाय ना?"

वाडा म्हणजे आमचा महारवाडा. तिथंच माझं घर. घरात माझी दमेकरी सासू. आणि मी काय म्हणाले? मी 'व्हय' म्हणाले. ते 'व्हय' मला अजून पचलेलं नाही.

आमचं गाव इंद्रायणीकाठचं, मोशी आणि चिखलीच्या मधलं. आमचा वाडा गावाच्या उगवतीला. का, तर वर्षातले बरेच महिने वारा मावळतीकडून येतो. गावावरून येणारा वारा आमच्यावरून गेलेला चालतो, आमच्या अंगावरचा वारा गावावरून गेलेला चालत नाही. गाव वसवणाऱ्यांनी हे आधीच ठरवून ठेवलेलं. वाराही बाटतो, हे मला लहानपणीच कळलं होतं.

मी पंचायतीची झाडूवाली. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर गावकी केली. पुढं आमच्या वाड्यानं मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, दारोदार भाकर मागायची सोडली. तेव्हा ग्रामसेवक वाड्यात आला आणि म्हणाला, आता गावकी संपली, ही पंचायतीची नोकरी आहे, सरकारमान्य. मी मराठी चौथी पास. नोकरी या शब्दाला भुलले. हातात झाडू आला तो गावकीतलाच, गल्ल्या त्याच, ओंजळीत वरून ओतलेलं पाणीही तसंच. ग्रामसेवकाच्या वहीत मात्र मी कर्मचारी होते.

त्या साली तालुक्याहून योजना आली. प्रत्येक गावानं खतखड्डा खणायचा, गावातला केरकचरा, शेण, पालापाचोळा त्यात टाकायचा, वर माती लोटायची, वर्षानं सोन्यासारखं खत. योजना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. घाण गावात कुजत पडण्यापेक्षा शेतात गेलेली बरी. पण खड्डा कुठं खणायचा, हा प्रश्न चावडीत आला तेव्हा कुणी दोन क्षणही विचार केला नाही. उगवतीला. गाव आणि आमचा वाडा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, आमच्या पहिल्या घरापासून पन्नास पावलांवर.

आणि खत कसलं? सरपंचांचा मेव्हणा पिंपरीच्या एका नव्या कारखान्याच्या बांधकामावरचा कचरा उचलायचा ठेकेदार होता. त्याच्या बैलगाड्या आमच्या खड्ड्यात रिकाम्या व्हायला लागल्या. डांबरी कागद, रबराचे तुकडे, तेलकट चिंध्या, खोक्यांतलं भुसकट. डांबराचं काही खत होत नाही. खड्डा महिन्यात भरला. मग ग्रामसेवकानं मला काड्यापेटी दिली.

डांबरी कागदाचा धूर ज्यानं गिळलाय त्यालाच तो कळेल. घशाला चिकटतो. भाकरीला त्याची चव येते, पाण्याला येते. माझी सासू म्हणजे माझ्या बापाची बहीण, मी तिला आत्तीच म्हणायची. आत्तीला आधीपासून थोडा दमा होता. त्या उन्हाळ्यात तो असा वाढला की ती आडवी झोपायची बंद झाली. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायची. छातीतून शीळ वाजायची.

मी अर्ज लिहिला. माझ्या हातानं, पाटीवर आधी गिरवून मग कागदावर. खड्डा नदीकडच्या पडीक माळावर हलवावा आणि कारखान्याचा कचरा आणू नये, एवढंच मागणं. ग्रामसेवकाच्या हातात दिला. त्यानं वाचला आणि म्हणाला, "जागा योजनेत मंजूर झालेली आहे. बघू." तिसऱ्या दिवशी मी चावडीच्या पायरीखाली ठेवलेली केराची टोपली खड्ड्यात उपडी केली, तर माझाच अर्ज बाहेर पडला. चार तुकडे, वर पानाची पिंक. मी तो इतर कचऱ्याबरोबर पेटवला. काय करणार? कर्मचारी ना मी.

चैत्र गेला, पावसाळा गेला. दिवाळी झाली आणि वारा फिरला. तो दरवर्षीच फिरतो. थंडीत उगवतीकडून येतो. खळ्यावर उफणताना वारा कुठून कधी येतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण खड्ड्याची जागा ठरवताना ते कुणाला आठवलं नाही. महाराकडची बाजू ठरलेली, मग वाऱ्याला कोण विचारतो?

कार्तिकातली पहाट. देवळात काकडआरती चालू. मला सांगितलेलं होतं की उजाडायच्या आत पेटवून मोकळी हो, म्हणून मी पेटवलं. आणि धूर आमच्याकडं न येता वळला आणि सरळ गावात शिरला. देवळात, माडीवर, सरपंचांच्या ओसरीवर. टाळ थांबले. थोड्याच वेळात दहा-बारा जण नाकाला उपरणं लावून धावत आले. एकानं माझी कचऱ्याची पाटी लाथेनं उडवली. जादूटोणा केल्यासारखं मला विचारत होते, धूर इकडं का पाठवलास?

दुपारी लगेच पंचायतीची बैठक. आम्ही आठ महिने खोकलो तेव्हा 'बघू'. गाव एक सकाळ खोकलं तर बैठक. पण खरं सांगते, मला आनंद झाला होता. मला वाटलं, आता यांनाही कळलं. आता खड्डा हलणार. मी आत्तीला तसं सांगूनही आले.

त्या बैठकीतून निघाली ती काठी आणि चिंधी.

पुढचे दोन महिने मी ते काम केलं. लपवत नाही, केलं. थंडीतला वारा बहुतेक वेळ गावाकडंच जायचा. म्हणून ढीग साचत जायचा. मग एखाद्या दुपारी वारा पडायचा, रेंगाळायचा, फिरायचा. माझं काम काय, तर खड्ड्याच्या कडेला बसून वारा माझ्याच घराकडं कधी वळतो याची वाट बघायची. आणि वळला की चार-चार दिवसांचा साठलेला कचरा एकदम पेटवायचा. आधी थोडा थोडा धूर यायचा, आता एकदम घर भरायला लागलं.

नवऱ्याशी बोलले. तो पिंपरीला कारखान्यात हमाली करायचा, पायी जायचा, पायी यायचा. वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. म्हणाला, "मी तितं बी धूरच खातो. घरी आलो तरी धूरच. पर दोन हात कामाला हायेत म्हणून चूल पेटती. हाय ती नोकरी कशाला घालवतीस?" त्याच्यावर मला राग काढता येईना. राग मग कुठं काढायचा, तेही कळेना.

एका सकाळी मी झाडू घेऊन निघाले, तर आत्ती भिंतीला टेकलेली. चहा दिला तो तसाच निवत होता. तिनं मला थांबवलं.

"आज चिंधी कुणीकडं हाय गं?"

मी म्हणाले, गावाकडं. तिनं 'बरं' म्हटलं आणि वाटी उचलली. मग माझ्या ध्यानात आलं, हे ती रोज विचारते. कितीतरी दिवस विचारतेय. आधी उत्तर ऐकायची आणि मग ठरवायची, आज अंगणात बसायचं की दार लावून तोंडाला ओला फडका बांधायचा. आज जेवायचं की नाही, कारण पोटभर जेवल्यावर धूर आला तर तिला उलटी व्हायची. माझी म्हातारी श्वास घ्यायला परवानगी मागत होती. आणि ती कुणाला मागत होती? मला. तिला धूर पाजणारा हात सरपंचाचा नव्हता, ग्रामसेवकाचा नव्हता. माझा होता. त्यांनी मला नुसतं राबवलं नव्हतं, माझ्याच माणसांवर मला घातलं होतं.

मी त्या दिवशी चावडीपुढचं अंगण झाडलं, पण मला काही दिसत नव्हतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

माघात तालुक्याचे साहेब गावाची सफाई बघायला आले. स्वच्छ गावाला मानपत्र मिळणार होतं. आठवडाभर मी आणि वाड्यातल्या चार बायका राबलो. गटारं उपसली, शेणसड्यानं वाट सारवली. आदल्या दिवशी ग्रामसेवक म्हणाला, सकाळी वारा वाड्याकडं असला तर खड्ड्यातला ढीग जाळून टाक, आणि साहेब येतील तेव्हा तू नजरेआड राहा. बरं दिसत नाही.

सकाळी वारा वाड्याकडं होता. मी काडी ओढली नाही. चावडीकडं गेले. साहेब खुर्चीत, गळ्यात हार, शेजारी सरपंच. मी पायऱ्या चढले. तीनच पायऱ्या. कुणीतरी मागून दरडावलं, मी थांबले नाही.

"साहेब," मी म्हणाले, "खड्ड्यात ढीग साचलाय. वारा गावाकडं असला की पेटवायचा न्हाई आन् आमच्याकडं असला की पेटवायचा, असा पंचायतीचा हुकूम हाय. आज वारा आमच्याकडं हाय. मी पेटवणार न्हाई. आजबी न्हाई, उद्याबी न्हाई."

ग्रामसेवक पांढरा पडला. सरपंच हसले आणि बाईचं डोकं जरा फिरलंय असं काहीतरी म्हणाले. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. शहाणा माणूस दिसत होता. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग त्यांनी वही मिटली.

"हा तुमचा गावातला प्रश्न आहे," ते सरपंचांना म्हणाले. "आपसात मिटवा."

मानपत्र मिळालं. अजूनही चावडीत टांगलेलं असेल. माझी नोकरी त्याच संध्याकाळी गेली, आणि ती दिली कुणाला? माझ्याच चुलत दिराला. सरपंच कच्च्या गुरूचे चेले नव्हते. आमच्याच काट्यानं आमचा काटा काढायचा.

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आधी जाऊन खड्ड्याच्या काठावर बसले. दीर आला काड्यापेटी घेऊन. मला बघून खाली मान घातली. त्याच्या घरात चार पोरं.

"वयनी, उठा," तो म्हणाला. "माझ्या पोटावर पाय देऊ नगा."

"पेटवा भावजी," मी म्हणाले. "पर आधी आत्तीला सांगून या, आज श्वास घेऊ नको म्हणावं. आन् तुमच्या धाकट्यालाबी सांगा."

त्यानं वाड्याकडं वळून पाहिलं. मग काड्यापेटी खिशात घालून माघारी गेला. शिव्या देत गेला, मलाच. पण गेला.

त्या दिवसापासून वाड्यातल्या एकाही माणसानं झाडू उचलला नाही. सगळे आनंदानं आले नाहीत. भांडणं झाली, माझ्या नवऱ्यानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. गावानंही सोडलं नाही. शेतावरची मजुरी बंद, दुकानातून मीठ बंद. मीठ आणायला पिंपरी कँपातल्या दुकानापर्यंत पायी जावं लागलं. आत्तीचा दमा काही बरा झाला नाही. गेलेली छाती परत येत नसते.

पण कचरा आता गावात साठू लागला. चावडीपुढं, देवळाच्या वाटेवर, ज्याच्या त्याच्या दारात. पंधरा दिवसांनी कोतवाल निरोप घेऊन वाड्याच्या तोंडाशी आला. सरपंच म्हणतात, ऐकत नसाल तर दुसऱ्या गावची माणसं आणू सफाईला.

मी त्याला सांगितलं, आणा. ती माणसंही कुणाच्या तरी उगवतीलाच राहत असतील. त्यांना मी सगळं सांगेन. ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर त्यांच्याही पुढं खड्ड्यावर बसेन. आणि सरपंचांना सांगा, योजना मला मान्य आहे, खत मला मान्य आहे, झाडायला माझी ना नाही. पण ज्याच्या दारात घाण होईल ती त्याच्या दारात कुजेल, नाहीतर सगळ्यांपासून सारखी लांब जाईल. माझ्या दारात ती जळणार नाही.