पानी उनं

मराठी घेऊन बी. ए. झालेल्या मी मराठीतला एक दोन अक्षरांचा शब्द चुकीचा ऐकला आणि त्यापायी एका भल्या माणसाची भाकरी घालवली. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर नानांचं कौतुक करता करता मी स्वतःला हळूच बाजूला काढून घेईन. ती कला मला चांगली येते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. लग्न होऊन पुण्याची मी जळगावला आले आणि पुराच्या खबरा ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात वायरलेसवर बसू लागले. नदीकाठी चार ठाणी होती, पाचवी मी. वरच्या ठाण्यांनी पाणी किती चढलं-उतरलं ते मला सांगायचं, मी वहीत लिहायचं आणि खालच्यांना कळवायचं. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. नाना पाचोऱ्याकडच्या ठाण्यावर, पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायला. बारा वर्षं रोजंदारीवर. "ताई, औंदा माले कायम करतीन," हे दर पावसाळ्यात आनंदाने सांगायचे.

निरोप सांगून झाला तरी नाना मला सोडत नसत. "आते तुम्ही सांगा ताई, मी काय बोलनू?" मग मी सगळा निरोप उलट म्हणून दाखवायचा. पाणी कालच्याइतकंच आहे, एवढ्यासाठीसुद्धा! मी फणकारायची, "नाना, मी बी. ए. आहे." तिकडून थंडपणे यायचं, "हां ताई. तरी सांगा."

एकदा मी बोलायचा कंटाळा करून नुसती मान हलवली. वायरलेससमोर! थोडा वेळ खरखर, मग नाना म्हणाले, "मान डोलाई का काय? माले आठे दिखत नही." ऑफिसभर हशा झाला. मी आठवडाभर त्यांच्याशी तुटक बोलले. शहाणपण माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेलं असायचं, पावडर लावून.

वाईट खबर असली की आधी विचारायचे, "पेन हातमा शे का?" आणि खबर नसली तरी त्यांचे कान उघडे असायचे. खालच्या ठाण्यावरचे भाऊ दोन दिवस नीट बोलत नव्हते. "भाऊना आवाज बारीक येस. काय व्हयनं?" नानांनी मला विचारलं. मी म्हटलं, बॅटरी उतरली असेल. "बॅटरी नही ताई. मानूस." चौकशी केली तर भाऊंची बायको दवाखान्यात होती आणि ते घरी स्वयंपाक करून, डबा पोचवून, उपाशीच ठाण्यावर येत होते. मी रोज त्यांच्याशी चारदा बोलत होते.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, आभाळ कोरडं. ऑफिसात कुणीतरी कचोऱ्या आणल्या होत्या आणि त्या गार होत होत्या. तेवढ्यात नाना ओरडले, "ताई, पानी उनं! पानी उनं!" खरखरीत मला ऐकू आलं ते 'पाणी उणं'. पाणी उणं, म्हणजे कमी. त्यात एवढं ओरडायचं काय? नाना पुढे काही बोलत होते. मी "समजलं" म्हटलं, संचाचा आवाज बारीक केला, वहीत 'पाणी उणे. निरोप पूर्ण' असं वळणदार अक्षरात लिहिलं, भाऊंना "पाणी कमी आहे" कळवलं आणि कचोरीकडे वळले. भाऊंनी वाळू भरायच्या बैलगाड्या पात्रात उतरू दिल्या.

माझ्याकडून उत्तर येईना म्हणून नाना ठाणं सोडून सायकलवर काठाकाठाने निघाले, ओरडत. त्यांच्यामुळे सगळ्या गाड्या बाहेर आल्या. एक तेवढी राहिली. गाडीवान वाचला, बैलजोडी गेली.

संध्याकाळी घरी आले तर शेजारच्या काकू भिंतीवरून सुनेला हाक मारत होत्या, "पाव्हना उनात व!" मी विचारलं, उनात म्हणजे? त्या हसल्या. "अहो, आले!" म्हणजे नाना ओरडत होते ते 'पाणी आलं'.

चौकशी लागली ती नानांचीच. आरोप दोन: चुकीचा निरोप दिला आणि पाणी चढत असताना ठाणं सोडलं. नाना जळगावला आले. आवाजावरून मी त्यांना धिप्पाड, मिशीवाला माणूस धरून चालले होते. दारात उभा होता एक खुजा म्हातारा. पायजमा घोट्याशी सुतळीने बांधलेला, चपला हातात. त्याने मलाच विचारलं, "बाई, ती वायरलेसवाली ताई कोठे बठस? तिले बठ्ठं माहीत शे." बठ्ठं, म्हणजे सगळं.

तोंड उघडलं असतं तर त्यांनी मला तिथल्या तिथे ओळखलं असतं. मी बोटाने भलतीच खोली दाखवली. चौकशी संपेपर्यंत मी कुठे होते विचाराल, तर बायकांच्या संडासात.

साहेबांपुढे माझी वही होती, शाईने लिहिलेली. नानांकडे त्यांची बोली होती. साहेबही माझ्यासारखेच पुण्याकडचे. नानांची रोजंदारी त्याच आठवड्यात बंद झाली. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. सुवाच्य नोंदींबद्दल!

त्यानंतर नाना धुळ्याला लेकीकडे गेले, असं भाऊंनी सांगितलं. जळगाव ते धुळे एसटीने काही तासांचा रस्ता. मला तो कापायला नऊ वर्षं लागली. पोरं लहान होती, सासूबाई आजारी होत्या, कारणं कमी नव्हती. शेवटी गेले, पेढ्यांचा पुडा घेऊन. हा पुडा कशासाठी घेतला होता, हे मला आजही विचारू नका.

दार नानांच्या बायकोने, अक्कांनी उघडलं. भिंतीवर नानांचा फोटो होता, त्याचा चंदनाचा हार अजून नवाच होता. दीड महिना झाला होता. लेकीच्या घरी नऊ वर्षं काढून गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की ऑफिसातून परत बोलावल्याचा कागद येईल.

मी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. शब्द, कचोरी, वही, भलती खोली. मध्ये एकदाही थांबले नाही. अक्का गहू निवडत ऐकत होत्या. माझं संपलं तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं, पुडा उचलून माझ्या पिशवीत परत घातला आणि म्हणाल्या, "पोरी, हाई तू तव्हयच साहेबले सांगाले पाहिजे व्हतं. आते माले सांगीसन काय फायदा?"