भाड्याचा निरोप्या

जबलपूरच्या समस्त क्लायंटवर्गाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. चहातली साखर. मी 'बिनसाखरेचा' म्हणतो, समोरचा 'जी सर, बिलकुल' म्हणतो, आणि कपात येतो तो निव्वळ पाक...

मागे एका कॉलेजात मुलांनी विचारलं होतं, चांगल्या बिझनेस कन्सल्टंटच्या अंगी कोणते गुण हवेत? माझ्या मते पहिला गुण म्हणजे दणकट स्वादुपिंड. पण व्यासपीठावर असं बोलता येत नाही. म्हणून मी नीट ऐकून घेणं, संयम आणि कडू गोष्ट गोड करून सांगण्याचं कसब, असे सभ्य गुण सांगितले. टाळ्याही पडल्या.

त्यातलं ते शेवटचं कसब परवा जबलपूरजवळच्या भेडाघाटला वापरलं. तेव्हापासून कशात मन लागत नाहीये.

तिथे गजभिये काकांचं संगमरवरी मूर्तींचं छोटंसं वर्कशॉप आहे. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी ते हौसेने उभं केलं. मुख्यतः बुद्धमूर्ती... विदर्भातल्या विहारांकडून ऑर्डरी यायच्या. बाकी मूर्ती कारागीर घडवतात, पण डोळे सगळ्यात शेवटी आणि काकांच्याच हातून. त्या वेळी मशीन बंद, रेडिओ बंद, कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही.

त्यांचा मुलगा नितीन बाकीचा कारभार बघतो. काका त्याच्याशी हट्टाने मराठीतच बोलतात, तो हिंदीत उत्तर देतो. लहानपणापासून त्या दोघांचं हे असंच चाललंय, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

साच्यातून काढलेल्या फायबरच्या मूर्ती बाजारात आल्या आणि काकांच्या ऑर्डरी आटल्या. नितीनने हैदराबादला नोकरी शोधली, ती मिळालीही. घरी मात्र तो काही बोलला नव्हता. बोलला तो माझ्या ऑफिसात येऊन, माझी फी विचारून.

"सर, पापा को आप बोल दो ना. आपकी बात मानते हैं. मैं बोलूँगा तो उनको लगेगा, लड़का भाग रहा है."

आमच्या धंद्यात हे नवीन नाही. निम्मी कुटुंबं आम्हाला सल्ल्यासाठी बोलावतच नाहीत. एकमेकांना जे सांगवत नाही, ते बाहेरच्या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. संस्कृत शिकलेला माणूस म्हणून सांगतो, कन्सल्टंट कधीच कर्ता नसतो. तो तृतीया विभक्तीतला... करणारा दुसराच, हा नुसतं साधन.

मी पोचलो तेव्हा काका एका मूर्तीचा दुसरा डोळा कोरत होते. मी दाराशीच थांबलो. काम झाल्यावर त्यांनी छिन्नी ठेवली, फुंकर मारून भुकटी उडवली आणि आतल्या पोऱ्याला ओरडले, "भैया, सर की चाय फीकी लाना, याद से!"

आला तो गोडच.

मी सुरुवात केली. आधी कामाचं कौतुक, तेही मनापासून. मग बदललेला बाजार, मग 'हळूहळू आवरतं घेऊ' आणि अगदी शेवटी नितीनची नोकरी. कुठे ठेच नाही, कुठे काटा नाही... इतकं सुरेख मी बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो. नितीन कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता.

काका भांडले नाहीत. मान हलवत राहिले. "तुम्ही बोलून राहिले ते बरोबर आहे, सर. मला का दिसत नव्हतं? माझ्यासाठी थांबून राहिला होता तो. करू बंद."

मी मनातल्या मनात सुस्कारा टाकला. यशस्वी मीटिंग!

आणि मग काकांनी अगदी हळू विचारलं, "पण सर... तो स्वतः काहून नाही बोलला? मी काय त्याले खाऊन टाकलं असतं?"

हसतच विचारलं हो. मी कपातला उरलेला पाक एका घोटात संपवला. नितीन "पापा..." म्हणत एक पाऊल पुढे आला.

काका रागावले नाहीत. उठले, हात धुतले. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "चलो, सर को मेन रोड तक छोड़ आइए."

छोड़ आइए... पोटच्या पोराशी हिंदीत, तेही अहोजाहो करून. नितीनच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

बाइकवरून मला सोडताना तो म्हणाला, "सर, आपने बहुत अच्छे से सँभाला." एखाद्या क्लायंटने दिलेली शाबासकी इतकी जड कधी वाटली नव्हती.

माझी मुलगी पुण्यात असते. हल्ली फोनवर बोलता बोलता ती मध्येच थांबते... आणि मी लगेच काहीतरी विनोद करून ती जागा भरून टाकतो. ती हसते, 'चल बाबा, ठेवते' म्हणते. अवघड विषय घरात निघू न देण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

तिला खरोखर काही सांगायचं असेल, तर ती मला सांगू शकेल का, हे मला माहीत नाही. काळजी आहे ती याचीच.