मोटार हाकणारा धुरकरी

मनसारामचं घर आणि माझं घर यांच्या मधात बांबूचं एक कुंपण होतं. त्यातून कोंबड्या जात, धूर जाई आणि बातम्या तर फारच जात. सकाळी मी शिलाई मशीनवर बसलो की पलीकडून मनसारामचा आवाज यायचा, "काऊन गा, आज खाऊन नाई राह्यला? पोट दुखून राह्यलं का?"

मी इकडून म्हणायचो, "कुंताबाई, नवरा विचारून राह्यला, उत्तर द्या ना."

कुंता अंगण झाडता झाडता म्हणायची, "मले कोण विचारते, सोमाजीभाऊ? पाखऱ्याले विचारून राह्यले ते. माह्यं पोट दुखलं तं मी पाखऱ्याच्याच कानात सांगतो, म्हणजे निरोप पोचते."

पाखऱ्या आणि लाखा ही बैलांची जोडी. बैल मनसारामचे नव्हते. गावचे जुने मालगुजार गुणवंतराव, त्यांचे होते. पण वासरं असताना ती मनसारामच्या अंगणात आली आणि तिथंच वाढली. मनसारामला लेकरूबाळ नव्हतं. त्यावर मी कधी थट्टा केली नाही. तेवढी अक्कल मला होती. बाकी सगळ्यावर केली.

आमच्या झाडीपट्टीत संक्रांतीनंतर शंकरपट भरतो. शेजारीशेजारी दोन सरळ पट्टे आखायचे आणि दोन जोड्या हलक्या छकड्यांना जुंपून एकदम सोडायच्या. वीस मोजेपर्यंत खेळ खलास. इतक्याशा वेळासाठी लोक चार गावं ओलांडून येतात आणि वर्षभर भांडतात. जोडी हाकणारा तो धुरकरी. मालकानं आपल्या जोडीमागं बसायचं नाही, ही आमच्या पटाची जुनी रीत. मालकाचा जीव आपल्या जनावरात गुंतलेला असतो, तो हात आखडतो, असं पंच सांगत. धुरकऱ्याचा जीव कुठं गुंतला असतो, हे मात्र कोणी विचारत नसे.

मालगुजारी सरकारजमा होऊन तीन वर्षं झाली होती, त्या साली मनसारामनं घोटच्या ठेकेदाराची जोडी हरवली. हा ठेकेदार जंगलातले सागवानाचे कूप, म्हणजे तोडीला काढलेले तुकडे, घ्यायचा. माणूस अंगानं रुंद आणि तोंडानं त्याहून रुंद. मांडवात पान खाता खाता तो गुणवंतरावांना म्हणाला, "बैल काय, बैल तं कोणीबी पळवते. जमाना मोटारीचा हाय. तुमच्या वाड्यापुढं ते काळं धूड उभं हाय ना, अमेरिकेचं? पळते का अजून, का कोंबड्या अंडे देतात त्याच्यात?"

लोक हसले. मीही हसलो, कारण कोंबड्यांची गोष्ट खरी होती. गुणवंतरावांची मालगुजारी गेली होती, पण मान ताठच होती. ती वाकवायचा कायदा सरकारला सापडला नव्हता. ते म्हणाले, "मोटारींची धाव याच पटावर लावा. आजपासून आठव्या दिवशी."

"माही हरली तं माही नवी मोटार तुमची," ठेकेदार म्हणाला. "तुमची हरली तं तुमचं धूड मले नको. ही जोडी द्या. कुपात लाकडं वढाले कामी येईल."

गुणवंतराव "बरं" म्हणाले. एवढाच शब्द. मनसाराम तेव्हा पाखऱ्याची पाठ पुसत होता. त्याचा हात थांबला. लाकडं ओढायला म्हणजे काय, हे आम्हाला माहीत होतं. डोंगरउतारावरून साखळदंडानं सागाचे ओंडके ओढून आणायचे. तिथले बैल दोन पावसाळे काढत नसत.

पुढचा घोळ पंचांनी घातला. पट आमचा, तर रीतही आमची. मालकानं मोटारीत बसायचं नाही, धुरकऱ्यानं बसायचं. ठेकेदाराकडं चांद्याचा टोपीवाला ड्रायव्हर होता, त्याचं भागलं. गुणवंतरावांकडं म्हातारा ड्रायव्हर पोचू होता. सिरोंच्याकडचा, तेलुगू मुलखातला माणूस. त्यानं वीस वर्षं मालकाच्या आईला मार्कंड्याला देवदर्शनाला नेलं होतं, आणि म्हातारीला चक्कर येऊ नये म्हणून मोटार बैलगाडीच्या मागं मागं चालवली होती. आता त्याच्या डोळ्यांत फूल पडलं होतं. गुणवंतरावांनी मनसारामला बोलावलं.

"तू चालव."

"मालक, मले बैल समजते जी. मोटार नाई समजत."

"आठ दिवस हायेत. पोचू शिकवेल."

"नाई म्हटलं तं?"

"तं पोचू चालवेल," गुणवंतराव म्हणाले, "अन् जोडी गेली समज."

तर मनसाराम मोटार शिकला. पन्नाशीचा माणूस, पायात कधी वहाण नाही, तो त्या लोखंडी पायट्यांवर अनवाणी पाय ठेवून बसला. पहिल्या दिवशी त्यानं मोटारीच्या नाकाडावर हात फिरवला. मी कुंपणापासून ओरडलो, "चारा टाकला का तिले?" दुसऱ्या दिवशी वळण घेताना तो मोटारीला "हीर्र, हीर्र" म्हणाला आणि चक्र फिरवायचं विसरला. मोटार चंदाबाईच्या वांग्यांत गेली. चंदाबाई आठ दिवस शिव्या देत होती. त्या शिव्या मी इथं लिहीत नाही, पण पाठ आहेत.

पण हात शिकाऊ असला तरी माणूस धुरकरी होता. चौथ्या दिवशी त्याला मोटारीचा आवाज समजू लागला. कधी दम लागतो, कधी मोकळी पळते, ते तो कानानं ओळखू लागला. मग त्याच्या डोक्यात पटाचं शास्त्र आलं. पटाच्या छकड्याला आम्ही एक खिळासुद्धा जास्तीचा ठेवत नाही. जेवढं हलकं तेवढं पळतं. त्यानं मोटार सोलायला घेतली. दारं काढली. चाकांवरचे पत्रे काढले. टप काढला, मागची गादी काढली, स्टेपनी काढली. माझ्या सांगण्यावरून धुराड्याचा डबाही काढला, म्हणजे तिचा आवाज ऐकूनच ठेकेदार घाबरेल. तेव्हापासून मोटार सुरू झाली की गावातल्या गाई गाभडतात की काय अशी धास्ती वाटायची. पोचूनं फुंकून फुंकून तिच्या नळ्या साफ केल्या. पत्रा निघालेलं ते धूड कातडं काढलेल्या म्हशीसारखं दिसत होतं.

मागं दोन पोती धान तेवढी राहिली होती. ती पोचूची. तो म्हणाला, "ही राहू दे, मनसारामभाऊ. बरसातीत नाल्यात ही मोटार फसते ना, तवा धान असलं तं निघते. रिकामी नाई निघत."

आणि इथं मी तोंड उघडलं. कुंपणावर हात टाकून म्हणालो, "पोचूभाऊ, धाव लावून राह्यले का भात कांडाले नेऊन राह्यले? आता नाला कुठी हाय? बरसात कुठी हाय?"

सगळे हसले. मनसारामही हसला, त्या आठ दिवसांत एकदाच. पोती उतरवली.

सहाव्या दिवशी चामोर्शीच्या मुरमाच्या सडकेवर मोटार पळवून पाहिली. मी मागं उकिडवा बसलो होतो. खोटं कशाला बोलू, मी देवाचं नाव घेतलं. झाडं एकमेकांत मिसळली. सडकेच्या टोकाला मोटार थांबवून मनसाराम वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "वाऱ्यानं," तो म्हणाला. मग म्हणाला, "सोमाजी, पळते गा हे. जोडी वाचते."

मी म्हणालो, "एकदा पटावरही पळवून पाहू."

"चाकं नाई नेत मी पटावर. जमीन तयार करून राह्यलो."

ती जमीन तो दरवर्षी स्वतः करायचा. बैलाच्या खुराला खडा लागू नये म्हणून पट्टे नांगरायचे, ढेकळं फोडायची, वखरायचे, हातानं खडे वेचायचे. दोन्ही पट्टे सारखे करायचे, कारण लबाडी त्याला जमत नव्हती. मोटारीच्या धावेसाठीही त्यानं तेच केलं. त्याला दुसरं करणं माहीतच नव्हतं. आठव्या दिवशी सकाळी ती माती अशी झाली होती की हातात घेतली तर पिठासारखी ओघळावी. पंच खूश झाले. "पट असा पाहिजे," म्हणाले.

ठेकेदार आला तो वरातीसारखा. त्याच्या मोटारीतलं काहीही काढलेलं नव्हतं. उलट मागं त्याचे दोन साळे, एक भाऊ आणि स्वतः तो, असे चार जाडजूड लोक दाटीवाटीनं बसले होते, तमाशा जवळून पाहायला. पंचांनी हटकलं, "मालकानं बसायचं नसते, जी."

"हाकून कुठी राह्यलो? मी तं सामान हाओ," ठेकेदार म्हणाला.

ते ऐकून आम्ही इतके हसलो, की पोचू मनसारामच्या कानाशी काय बोलला ते कोणाला ऐकू आलं नाही. मनसारामनं नाही म्हणून मान हलवली. आता उशीर झाला होता.

झेंडी पडली. मनसारामनं जे आयुष्यभर केलं तेच केलं. एकदम सगळा जोर दिला आणि घशातून ती हाक काढली, जिच्यावर पाखऱ्या-लाखा बाणासारखे सुटत. मोटार डरकाळली. मागची चाकं अशी गरगर फिरली की मातीचा फवारा पंचांच्या पागोट्यांवर गेला. आणि मोटार तिथंच. पुढं जायच्या ऐवजी खाली जाऊ लागली. त्यानं आणखी जोर दिला. बैल अडला तर आणखी हाक देतात ना. चाकं आसापर्यंत रुतली.

बाजूच्या पट्ट्यावरून ठेकेदाराची मोटार ते चार देह घेऊन निघाली. डुलत डुलत, सावकाश. इतकी सावकाश की पोरं तिच्या बरोबरीनं पळत होती. चौघं मागं वळून आमच्याकडं पाहत होते. वीस काय, साठ मोजून झाले. मग ती दुसऱ्या टोकाला पोचली.

मनसाराम उतरला. मागं गेला, मोटारीला खांदा लावला. मग आम्ही धावलो. ढकलून हलेना, तेव्हा पोचू मागच्या उघड्या लोखंडावर चढून बसला आणि म्हणाला, "बसा तुम्हीबी." आम्ही चौघं बसलो. मोटार कधी न हाकलेला गुणवंतरावांचा गडी पुढं बसला आणि पोचूनं मागून सांगितलं तसा त्यानं हळूच पायटा दाबला. मोटार एका हिसक्यात खड्ड्यातून बाहेर आली आणि सरळ चालू लागली. आम्ही पट्ट्याच्या टोकापर्यंत गेलो. मी मागं वळून पाहिलं. मनसाराम खड्ड्याशी उभा होता आणि आमच्याकडं, म्हणजे चालत्या मोटारीकडं, पाहत होता.

गुणवंतरावांनी शब्द मोडला नाही. मोडला असता तर बरं झालं असतं, पण त्यांच्याकडं तेवढंच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची दोन माणसं जोडी न्यायला आली. पाखऱ्यानं एकाला शिंगावर घेऊन कुंपणावर टाकलं. ते कुंपण माझंही होतं. गुणवंतरावांचा निरोप आला, मनसारामनं स्वतः नेऊन पोचवावी.

कुंता म्हणाली, "हे बी तुम्हीच करायचं का?"

"दुसऱ्यासंगं ते जात नाईत," तो म्हणाला. "मारून नेतील त्यायले."

मी सोबत निघालो. का, ते मला कुणी विचारलं नाही. घोटपर्यंत दीड दिवसाची वाट. मनसाराम मधात, दोन बाजूंना दोन बैल, आणि त्यांना वाटलं असणार की दुसऱ्या गावच्या पटाला चाललो आहोत, कारण पावलं उत्साहात टाकत होते. दुपारी नाल्याशी पाणी पाजताना मी म्हणालो, "पोती माह्याच तोंडानं उतरली, मनसाराम."

"जमीन तं मीच केली ना," तो म्हणाला.

कुपात पोचल्यावर मुकादमानं जोडीला लगेच ओंडका लावला. पटाच्या बैलाला एकच गोष्ट शिकवलेली असते. मानेवर जू आलं की जीव घेऊन पळायचं. पाखऱ्या-लाखा उतारावरून सुटले. ओंडका मागून घरंगळत आला आणि लाखाच्या मागच्या पायाला चाटून झाडाला अडला. मुकादम म्हणाला, "असेच पळाले तं चार दिवसांत पाय मोडते. मागच्या महिन्यात एक जोडी गेली अशी."

मनसाराम परत निघालाच नाही. त्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं. मुकादमाला म्हणाला, "मले तीन दिवस द्या जी."

ते तीन दिवस मी पाहिले. तो बैलांच्या पुढं उलट्या पावलांनी चालायचा. पाखऱ्या सुटायला लागला की त्याच्या कपाळावर दोन्ही तळवे टेकवून उभा राहायचा. जनावर फुरफुरायचं, याच्याकडं पाहायचं. चार वर्षं ज्यासाठी शाबासकी मिळाली, त्यासाठीच आता हा माणूस का अडवतो, हे त्याला समजत नव्हतं. "हळू गा," मनसाराम म्हणायचा. "हळू. नाई पळायचं आता." लाखा पहिल्याच दिवशी शिकला, त्याच्या पायाला लागलं होतं. पाखऱ्या दुसऱ्या दिवशीही चारदा सुटला. एकदा मनसारामला फरफटत नेलं. उठून त्यानं धूळ झटकली ती आधी बैलाच्या डोळ्यांवरची.

तिसऱ्या दिवशी ऊन कलताना मनसारामनं पुढून बाजूला सरकून पाहिलं. पाखऱ्या पळाला नाही. मान खाली घालून, एकेक पाऊल मोजत, ओंडका ओढत उतार उतरला.

"शिकला बाप्पा," मुकादम म्हणाला.

मनसाराम सडकेवर आला. मी तिथं बसलो होतो.

"चाल, सोमाजी," तो म्हणाला. "मी हाक देऊन पाह्यली. आता माह्या हाकेवरबी पळत नाई तो."