चाकाखालची रांगोळी

काल पाहिलेल्या सिनेमात नायक एकाच दिवसात अडकला होता; रोज सकाळी तोच दिवस पुन्हा सुरू व्हायचा. शेवटी तो पुन्हा त्याच गजरानं जागा झाला आणि चक्क हसला. "म्हणजे सुटलाच नाही!" लेक वैतागली. ते हसू मलाही कळलं नव्हतं.

आज सकाळी तळमजल्यावरच्या शालूकाकूंनी दारात ठिपके मांडून कमळ काढलं आणि रोजच्यासारखी शेजाऱ्याची स्कूटर त्यावरून गेली. मी बाल्कनीतूनच विचारलं, "काकू, रोज पुसली जाते, मग काढता कशाला?"

बोटांवरची रांगोळी झटकत त्या म्हणाल्या, "त्याची स्कूटर थांबत नाही, तर मी का थांबू? उद्या मोर काढणारेय."

मग कळलं, सिनेमातला तो नायक का हसला. दिवस खुशाल तोच येऊ दे. त्यात काय काढायचं, ते त्या दिवसाच्या बापालाही ठरवता येणार नाही.