बिरादार सरांची वायसरची डबी

बातमी आली तेव्हा मी पेंटरच्या दुकानात उभी होते. आमच्या समाजसेवेच्या क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून वर्षभर जे काही चाललं होतं, त्याचा समारोप आठ दिवसांवर आला होता. कमानीवर अध्यक्ष म्हणून माझं नाव नीट आलंय का, हे मी चष्मा पुसून पुसून बघत होते. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सुमनवहिनी होत्या, बिरादार सरांच्या पत्नी. एरवी त्या मला कधी फोन करत नाहीत. म्हणाल्या, "बाई, सर ऱ्हायले न्हाईत. सकाळी आंघोळीला पाणी काढलं न् तिथंच बसले..." पेंटर विचारत होता, अक्षरं लाल करू का निळी. मी काहीतरी उत्तर दिलं असणार, कारण कमान लाल अक्षरांत रंगून आली. ती आम्ही लावली नाही.

त्याला आता दोन महिने होत आले. लोक मला विचारतात, बिरादार सर तुमचे कोण? नात्याचे कोणीच नव्हते. लातूरच्या आयटीआयमध्ये त्यांनी आयुष्यभर फिटरचा ट्रेड शिकवला, मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं आणि शेवटची काही वर्षं मुख्याध्यापकाच्या खुर्चीत काढली. क्लबात आलो नसतो तर आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. महिन्यातून दोन शनिवार संध्याकाळी सहाला, डाळमिलवाल्या एका सभासदाच्या ऑफिसवरच्या हॉलमध्ये आम्ही भेटायचो. डॉक्टर, वकील, क्लासेसवाले, आडत दुकानदार, असे आम्ही तीस-पस्तीस जण. त्यात पांढरा सदरा आणि शबनम पिशवी घेऊन कोपऱ्यात बसणारे सर हे आमचे कायमचे सेक्रेटरी. अध्यक्ष दर वर्षी बदलायचा, पण सेक्रेटरीचं नाव निघालं की सगळे एकमेकांकडे बघायचे आणि मग सरांकडे बघायचे.

सरांची हजेरी हा क्लबातला चेष्टेचा विषय होता. सहा म्हणजे सहा. सहा वाजून पाच मिनिटांनी आलेल्याच्या नावापुढे ते 'उशिरा' असं लिहीत आणि आलाच नाही त्याची जागा कोरी ठेवत. वर्षभर एकही बैठक न चुकवणाऱ्याला आमच्याकडे छोटा बिल्ला मिळतो. एका डॉक्टरांची एकच बैठक हुकली होती, तीही पेशंट अडला म्हणून. बिल्ल्यासाठी त्यांनी सरांना गळ घातली. सरांनी चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला, सही मात्र दिली नाही. "डॉक्टरसाहेब, नसलेल्या माणसाची हाजरी लावली की असलेल्याचीबी खोटी पडती," एवढंच म्हणाले. डॉक्टर दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. मी अध्यक्ष झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता निदान आपल्यापुरतं जमून जाईल. पहिल्याच बैठकीला रिक्षा मिळेना, मी पंधरा मिनिटं उशिरा पोचले. माझ्या नावापुढे सुबक अक्षरात 'उशिरा' लिहिलेलं होतं. आयुष्यभर मी मुलींना उशिराबद्दल उभं केलं, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

पण सर मला आठवतात ते वहीसमोर बसलेले नाहीत, नळासमोर उकिडवे बसलेले. आमच्या क्लबानं आजवर जे दिलं त्यात पाणपोया सगळ्यात जास्त. शाळेत, दवाखान्यात, बाजारात. ज्या गावानं दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, त्या गावातला क्लब दुसरं काय देणार? सरांच्या शबनममध्ये पाचक गोळ्यांची एक जुनी पत्र्याची डबी असायची. गोळ्या कधीच्या संपल्या होत्या. आत नळाचे वायसर, रबराचे, चामड्याचे, लहान-मोठे, आणि पांढऱ्या टेपचं रीळ. सोबत एक पाना. कुठल्याही कामाला गेलो की आमचे फोटो चालू असताना सर तिथला नळ उघडायचे, बंद करायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघत मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचे. विसाच्या आत थेंब पडला की डबी बाहेर निघायची. ते मूळचे निलंग्याकडचे, कर्नाटकच्या सीमेवरचे. एखादा नट हटून बसला की त्याची ते कानडीत समजूत घालायचे, आणि तो सुटायचाही. लग्नाच्या पंगतीत हात धुताना मी त्यांना मंगल कार्यालयाचा नळ दुरुस्त करताना पाहिलंय. वहिनी शेजारी ओशाळून उभ्या होत्या.

सुवर्णमहोत्सवी वर्षाचं अध्यक्षपद माझ्या वाट्याला आलं आणि मला, खरं सांगायचं तर, हवा लागली. पन्नास वर्षं म्हणून पन्नास नवे उपक्रम, प्रत्येकावर फलक, असं मी पहिल्याच बैठकीत जाहीर करून टाकलं. टाळ्या पडल्या. सर तेवढे वहीत लिहीत होते. मग वहीतून डोकं वर काढून म्हणाले, "बाई, नवीन लई झालं. आपलं जुनं कुठं कुठं चालू हाय, ते एकदा बघून येऊ की." त्यांनी यादीसुद्धा करून आणली होती, क्लबानं आजवर बांधलेल्या प्रत्येक पाणपोईची. मी ती यादी हातात घेतली, छान आहे म्हणाले आणि पर्समध्ये ठेवून दिली. पुढे लातूर जिल्ह्यातल्याच मुरुडजवळ एका शाळेत नवी पाणपोई करायचं ठरलं तेव्हाही ते म्हणाले होते, तिकडं आपलं एक हाय. मी म्हणाले, सर, जुन्याचं नंतर बघू, आज अजेंड्यावर नाही. बाई म्हणून आयुष्यभर वर्ग आवरायची सवय असली की माणूस मोठ्यांनाही असाच आवरतो. सरांनी हे सगळं इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं आणि पुढच्या बैठकीत वाचूनही दाखवलं. माझं लक्ष नव्हतं.

त्या शाळेत उद्घाटनाला आमचे प्रांतपाल, म्हणजे या भागातल्या सगळ्या क्लबांचे प्रमुख, आले होते. स्टीलची टाकी, चकचकीत सहा नळ, वर फलक, फलकावर पडदा. पडदा बाजूला झाला, टाळ्या झाल्या, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी पदराला हात पुसत माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, ते बी तुमचंच हाय न्हवं?" त्यांनी बोट दाखवलं तिकडे बोरीच्या झाडामागे सरपणाचा ढीग होता. दोन लाकडं बाजूला केल्यावर खाली कट्टा दिसला. कट्ट्यावर संगमरवरी फलक, त्यावर आमच्याच क्लबाचं बोधचिन्ह आणि खाली कोरलेलं, रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त. पंचवीस वर्षांपूर्वी आम्हीच दिलेली पाणपोई आम्ही विसरून गेलो होतो आणि तिच्यापासून वीस पावलांवर दुसरी बांधून आलो होतो. मावशींनी सांगितलं, एक नळ गळायला लागला, चिखल व्हायला लागला, मग कोणीतरी खालून पाणीच बंद केलं. तेव्हापासून सरपण.

एका वायसरचं काम होतं. मला हे कळलं आणि माझ्या आधी प्रांतपालांना कळलं. ते हसले, काही वाईट बोलले नाहीत, पण माझे कान तापले. वळून बघते तर सर मावशींबरोबर सरपण हलवत होते, आणि बघता बघता पाना काढून त्या जुन्या नळापाशी बसलेसुद्धा. मला वाटलं, हे मला दाखवायला करताहेत. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, पाहुण्यांसमोर तरी नको. प्रत्येक ठिकाणी प्लंबर व्हायलाच पाहिजे का?" सरांनी वर पाहिलं. "होतंच आलंय बाई. दोन मिनिटं," म्हणाले. आणि दोन मिनिटांत केलं. कुणीतरी खालची चावी सोडली. नळातून आधी हवा आली, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ पाणी. ते बघायला मी थांबले नाही.

हे मी आज लिहून टाकतेय, कारण सरांच्या शोकसभेत मी खूप चांगलं बोलले आणि नेमकं हेच बोलले नाही.

परत येताना गाडीत ते माझ्या पुढच्या सीटवर होते. औसा रोडला उतरल्यावर खिडकीपाशी येऊन म्हणाले, यादीतल्या जवळच्या सगळ्या बघून झाल्यात, एकट्यानंच फिरून बघितल्या, आता लोह्याची तेवढी राहिलीय. लोहा म्हणजे नांदेड जिल्हा, आमच्या हद्दीबाहेरचं. पण पूर्वी क्लबात तिकडचे एक सभासद होते, त्यांच्या गावच्या शाळेत आम्ही पाणपोई दिली होती. यादीतली ती सगळ्यात लांबची. "चलता का बाई? नांदेड गाडीनं जाऊ, दिवसात वापस येऊ." मी हो म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मी ठरवूनच टाकलं होतं की एसटीत शेजारी बसले की अहमदपूर यायच्या आत सरांची माफी मागायची. फोनवर नको, बैठकीत नको. जाता जाता, खिडकीबाहेर बघत, सहज बोलल्यासारखं.

पहिल्यांदा प्रांतपालांची पुन्हा भेट निघाली. दुसऱ्यांदा नातीच्या क्लासचा प्रवेश. तिसऱ्यांदा मीच म्हणाले, सर, ऊन लई झालंय, पावसाळ्यात जाऊ. तिन्ही वेळा सर म्हणाले, हाव, फुरसतीनं जाऊ. त्या 'हाव'मध्ये राग शोधायचा मी आता प्रयत्न करते. राग सापडत नाही, आणि त्याचंच जास्त लागतं.

ते गेल्यावर दहा-बारा दिवसांनी मी वहिनींना भेटायला गेले. सरांची खोली अगदी तशीच होती. खिडकीत शबनम, टेबलावर क्लबाच्या वह्या एकावर एक. वहिनींनी वह्यांबरोबर ती डबीही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, घरातले सगळे नळ नीट आहेत, मी काय करू हिचं. मग म्हणाल्या, "आता एखादा तरी गळायला पाहिजे होता बाई..."

मागच्या आठवड्यात मी लोह्याला गेले. एकटी, सकाळच्या नांदेड गाडीनं. शेजारच्या सीटवर पर्स ठेवली होती. अहमदपूरला एक बाई लेकरू घेऊन चढली तेव्हा ती उचलून मांडीवर घेतली. शाळा गावाच्या टोकाला, लोह्यापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. पाणपोई लांबूनच दिसली. कट्टा धुतलेला, चारही नळ जागेवर. मी पहिला नळ सोडला, बंद केला आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. वीस मोजले. थेंब पडला नाही. दुसरा, तिसरा, चौथा. एकही गळत नव्हता. डबी पर्समध्ये तशीच राहिली. मला थोडी निराशाच झाली. सरांचं एक तरी राहिलेलं काम माझ्या हातून होईल, असं मी बसमध्ये मनात धरलं होतं.

मुख्याध्यापक बाहेर आले. तरुण होते. मी क्लबाचं नाव सांगितल्यावर म्हणाले, "तुम्ही त्या बाई का? लातूरच्या?" मला आत नेऊन त्यांनी शाळेचं शेरेबुक काढलं. पानं उलटून एक पान माझ्यासमोर धरलं. त्यावर सरांचं अक्षर होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच, परीक्षा चालू असताना, ते एकटेच येऊन गेले होते. मला एका शब्दानं बोलले नव्हते. लिहिलं होतं, पाणपोईची पाहणी केली, दोन वायसर बदलले, नळ चालू. खाली त्यांची सही. आणि सहीच्या वर 'अध्यक्ष' एवढाच शब्द आणि त्यापुढची ओळ कोरी. पुढच्या पाहुण्यांचे शेरे त्या खालून सुरू झाले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "सर म्हणले होते, ही ओळ कुणाला भरू देऊ नका. आमच्या बाईंनी येतो म्हणलंय. येतील त्या."

मी नसताना माझी हजेरी त्यांनी लावली नव्हती, ते तसं करणारच नव्हते. पण माझी जागा धरून ठेवली होती. त्या अनोळखी ऑफिसात, भिंतीवरच्या पटसंख्येच्या तक्त्याखाली, मी रडले. मुख्याध्यापकांनी पाणी आणलं. बाहेरच्या नळाचंच होतं.

मग मी सही केली. सरांनी नसतं सोडलं, म्हणून सहीखाली त्या दिवसाची खरी तारीख घातली आणि शेजारी स्वतःच्या हातानं 'उशिरा' असं लिहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, सोबत आणखी कोणी आलं असेल तर त्यांचंही नाव घाला. मी पेन टेकवलं. 'बिरादार सर' एवढे दोनच शब्द लिहायचे होते. सबंध रस्ता ते माझ्यासोबत होते, हे मी कुणासमोरही शपथेवर सांगितलं असतं. पण नसलेल्या माणसाची हजेरी लावायची नाही, हे त्यांचंच शिकवणं... मी पेन उचललं. माझ्या सहीशेजारी शाईचा एक थेंब तेवढा पडला होता. तो मी पुसला नाही.