बिनविरोध पहिली

त्या वर्षी आमच्या दूध सोसायटीकडे दूध सोडून सगळं होतं. चेअरमन होते, सेक्रेटरी होते, ढीगभर कॅन होते. पावसानं दगा दिलेला, अर्धी जनावरं चारा छावणीत, अर्धी बाजारात गेलेली. दूध येणार कुठून? पण गप्प बसणं चेअरमनांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सोसायटीतर्फे वडवणीत शास्त्रीय संगीताची स्पर्धा जाहीर केली, वीस वर्षांखालच्या पोरापोरींसाठी. चेअरमनांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, तसा त्यांचा दावाही नव्हता. पण त्यांचा पुतण्या पेटी वाजवून गायचा.

मला ट्रॉफीशी काही देणंघेणं नव्हतं. मला परीक्षक म्हणून येणाऱ्या बाई हव्या होत्या. अंबाजोगाईच्या या बाईंकडे गाणं शिकायचं म्हणून वडील मला दोनदा घेऊन गेले होते आणि दोन्ही वेळा बाईंनी दारातूनच वाटेला लावलं होतं. घरी येऊन कुणी गाऊन दाखवलेलं त्या ऐकतच नसत. स्पर्धेत एखादा गळा मनात भरला तरच त्याला शिकवायच्या. त्यांच्यापुढं एकदा गायला मिळावं म्हणून मी आठवडाभर तिखट सोडलं होतं. आमच्याकडं तिखट सोडणं म्हणजे जेवणच सोडल्यासारखं.

अर्ज चार आले. चकलांब्याचा बासरीवाला, नारायणगडाकडचा पखवाजवाला, चेअरमनांचा पुतण्या आणि मी. शहाण्या माणसाला वाटेल, आता चौघं आपापली कला दाखवतील आणि बाई नंबर काढतील. पण सोसायटीच्या माणसांना एकापेक्षा जास्त अर्ज दिसले की एकच सुचतं: कुणाकुणाला अर्ज मागं घ्यायला लावायचा. सोसायटीत कधी मतदान म्हणून झालेलं नव्हतं. सगळा कारभार बिनविरोध, आणि चेअरमनांना त्याचा कोण अभिमान!

स्पर्धेच्या दुपारी छावणीशेजारी मांडव टाकला होता. चेअरमनांनी आधी बासरीवाल्याला मांडवामागं नेलं, चहा पाजला. तो परत आला तो बासरी पिशवीत घालूनच. पुढच्या साली फक्त बासरीची स्पर्धा ठेवणार आहेत म्हणे. मग पखवाजवाल्याला नेलं. त्याला वार्षिक सभेत वाजवायचं आमंत्रण मिळालं आणि गडी खूश. मला बघूनच संताप येत होता.

शेवटी ते माझ्या वडिलांकडं आले. वडील सोसायटीचे साधे सभासद. चेअरमन काही बोलले की त्यांची मान आपोआप हलायची. चेअरमन माझ्याकडं वळून अगदी मायेनं म्हणाले, "पोरी, दुष्काळाचं साल हाय. कशाला चुरस? औंदा पुतण्या, पुढच्या साली तू. शब्द हाय माझा."

मी म्हटलं, "आधी गाऊ द्या, मग कुणालाबी पहिला करा."

चेअरमनांना खरंच वाईट वाटलं. लई हट्टी हाय हो तुमची, असं ते वडिलांना म्हणाले. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "हाय." मला वाटतं, सोसायटीच्या इतिहासातला तो पहिला विरोध.

इकडं पुतण्या बाईंच्या पाया पडायला गेला होता. बाईंनी त्याला पेटी बाजूला ठेवायला लावली, तंबोरा छेडला आणि नुसता सा लावायला सांगितला. बिचारा पेटीशिवाय कधी गायलाच नव्हता. पहिला सा एकीकडं गेला, दुसरा भलतीकडंच. बाईंनी फक्त चष्मा पुसला. पुतण्या घामाघूम होऊन उठला, माइकवर आला, आपला अर्ज मागं घेतल्याचं त्यानं एका दमात सांगितलं आणि जो छावणीत म्हशींमागं दिसेनासा झाला तो पुन्हा आलाच नाही.

चेअरमनांचा चेहरा क्षणभर उतरला. पण मुरलेला गडी! उरला एकच अर्ज. त्यांनी माइक ओढला आणि मी बिनविरोध पहिली आल्याचं जाहीर करून टाकलं. पुतण्यासाठी आणून ठेवलेला गुलाल माझ्या डोक्यावर रिकामा झाला, हलगी कडाडली, हार वडिलांच्या गळ्यात पडला. सेक्रेटरींनी मोठ्या मनानं माघार घेणाऱ्यांचे आभार मानले. तेवढ्यात कुणीतरी टँकर आल्याचं ओरडलं आणि घागरी घेऊन सगळा मांडव रिकामा झाला.

बाईंनी सेक्रेटरींना विचारलं, गाणं कधी सुरू होणार?

"झालं की बाई," सेक्रेटरी म्हणाले. "बिनविरोध."

बाईंनी जीप आणायला सांगितली. माझ्या हातात ट्रॉफी, डोळ्यात पाणी, आणि ज्यांच्यासाठी आले त्या निघालेल्या. डोकंच फिरलं माझं. ट्रॉफी ठेवली खाली, तंबोरा घेतला आणि कुणाला न विचारता भीमपलास सुरू केला. पहिल्याच आलापात गुलाल घशात गेला आणि खोकला आला. छावणीतल्या म्हशी हंबरायला लागल्या. घागर घेऊन निघालेले वडील परत फिरले आणि एकटेच पुढं सतरंजीवर येऊन बसले. मी थांबले नाही. थांबले असते तर तिथंच रडले असते.

जीपमध्ये एक पाय टाकलेल्या बाईंनी तो खाली घेतला. आल्या, एका पालथ्या कॅनवर बसल्या, आणि शेवटपर्यंत बसल्या.

माझं गाणं संपलं. मला विचारायचा धीर होईना. वडिलांनीच चाचरत विचारलं, "बाई, स्पर्धा झाली असती तर हिचा नंबर कितवा लागला असता?"

"दुसरा."

"आन् पहिला?"

"पहिला मी कुणालाच दिला नसता," बाई उठत म्हणाल्या. "मध्यम कच्चा आहे हिचा. सोमवारी सकाळी घेऊन या, तिथूनच सुरू करू."

स्पर्धेत मी एकटीच उरले होते, आणि दुसरी आले होते. आनंदानं मला रडू आवरेना.